उंबरठ्याबाहेरचा केर

घर स्वच्छ आहे की नाही, हे घरात शिरून पाहण्याची प्रथा आहे. पाहुणा अंगणातून ओसरीवर येतो, ओसरीवरून माजघरात जातो, आणि सारवलेली किंवा पुसलेली जमीन, मांडणीवर ओळीने लावलेली भांडी व घडी घालून ठेवलेली अंथरुणे पाहून घरच्या माणसांच्या नीटनेटकेपणाची प्रशंसा करतो. परंतु स्वच्छतेची खरी परीक्षा उंबरठ्याच्या बाहेर होते. त्या घरातून रोज काय बाहेर पडते, किती बाहेर पडते आणि बाहेर पडल्यावर ते कोठे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरास नीट देता येतात, तेच घर स्वच्छ होय. जे घर आपला केर शेजाऱ्याच्या भिंतीशी, नाल्यात अथवा रस्त्याच्या कडेला लोटून स्वतः लख्ख राहते, त्याने घाणीची केवळ जागा बदललेली असते.

विदर्भातील एखाद्या शेतकऱ्याच्या जुन्या घराची रहाटी डोळ्यांपुढे आणली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या घरात केर होता. पण आजच्या अर्थाने कचरा जवळजवळ नव्हता. धान्य पाखडून निघालेला कोंडा आणि डाळीची चुनी गुरांच्या घमेल्यात जाई. भाजीची देठे व साले गोठ्यात पोहोचत. दोडक्याच्या शिरांची तर चटणी होई. रात्रीची भाकर उरली, तर ती सकाळी ताकात कुस्करली जाई किंवा तिला फोडणी मिळे. चुलीतील राखेने भांडी घासली जात, आणि भांडी धुतलेले पाणी परसातल्या केळीच्या किंवा अळूच्या मुळाशी सोडले जाई. कापूस वेचून झाला की शेतात उरलेल्या पऱ्हाट्या सरपणास येत, आणि तुरीच्या तुराट्यांचे कुंपण होई. लुगडे जीर्ण झाले की त्याची वाकळ शिवत, आणि वाकळही विरली की तिचे पोतेरे होई. एका वस्तूला असे तीन-चार जन्म लाभत.

यातूनही जे उरे, ते उकिरड्यावर पडे. मात्र उकिरडा हा त्या वस्तूंचा शेवट नव्हता. तेथे शेण, पालापाचोळा आणि घरातला केर एकत्र कुजत असे. आणि पावसाळ्याच्या आधी ते खत गाडीत भरून शेतात पसरले जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी मराठीत म्हण आहे. शेतकऱ्याच्या उकिरड्याचे पांग मात्र दरवर्षी फिटत. ज्या मातीतून धान्य आले, त्याच मातीकडे त्याचा अवशेष परत जाई. हे चक्र अखंड फिरत होते, म्हणून त्या घराला कचऱ्याची चिंता अशी कधी करावी लागली नाही.

तथापि जुने ते सारेच सोने, असे मानण्याचे कारण नाही. त्या काटकसरीचा उगम पुष्कळदा टंचाईत होता. वस्तू मिळतच नव्हत्या, म्हणून त्या टाकल्या जात नव्हत्या. तिचा भारही बहुतांशी घरातील स्त्रियांच्या अंगावर पडे. राखेने भांडी घासणे, वाकळ शिवणे, शेणाच्या गोवऱ्या थापणे ही कामे त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत करीत, आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नसे. शिवाय घरात जपलेली स्वच्छता गावात दिसेच, असे नव्हते. अनेक गावांत उकिरडे विहिरींना भिडलेले असत, सांडपाणी वाटेवर साचे आणि पटकीसारखी साथ आली की घरेच्या घरे ओस पडत.

म्हणूनच या भूमीत स्वच्छतेचा मार्ग दाखविणारी माणसे जन्मास आली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले संत गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या मनावरचा मळ काढीत. 1956 साली त्यांचे निधन झाले. परंतु पुढे 2000 साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान आरंभिले, तेव्हा त्याला त्यांचेच नाव देणे उचित ठरले. नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरीचे गुरुकुंज लागते. तेथे राहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवेचे कार्य उभारले आणि आपल्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीचा विचार विस्ताराने मांडला. 1935 च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना गांधीजी आणि त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावी जाऊन स्वतः सफाई करीत. या तिघांच्या कार्यात एक सूत्र समान होते. घाण करणारा एक आणि ती काढणारा दुसरा, ही वाटणी त्यांस मान्य नव्हती.

त्या काळानंतर परिस्थिती फार पालटली आहे. त्या पालटाचे एक उत्तम उदाहरण म्हणजे नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती रस्त्यावर वसलेली वाडी होय. वाडी या शब्दाचा अर्थ लहानशी वस्ती. परंतु आजच्या वाडीस लहान म्हणता येणार नाही. मालवाहू मोटारींची वर्दळ, मोठमोठी गोदामे, अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना व त्यामागोमाग वाढलेल्या वसाहती यांमुळे तिचे नगर झाले आणि तेथे नगर परिषद आली. तरीही तिच्या सभोवतालच्या खेड्यांत आणि तिच्या स्वतःच्या जुन्या घरांत ग्रामीण जीवनाच्या खुणा अद्याप आढळतात. अंगणात तुळस असते, दारी सडा पडतो, उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळतात. पण गोठा गेला आहे. शेत विकले गेले किंवा दूर राहिले आहे. गोठा नाही म्हणून भाजीच्या देठांना वाट नाही. शेत नाही म्हणून उकिरड्याला अर्थ नाही. घरात येणाऱ्या वस्तूंनी मात्र नवे वस्त्र परिधान केले आहे. दूध पिशवीत येते, तेल पिशवीत येते, मीठ-मसाला पिशवीत येतो, आणि या साऱ्या पिशव्या आणखी एका पिशवीतून घरी आणल्या जातात.

अशा रीतीने जुने चक्र मोडले, आणि त्याच्या जागी सरळ रेघ आली. वस्तू दुकानातून घरात येते, घरातून बाहेर फेकली जाते, आणि मार्ग तेथेच खुंटतो. सवय मात्र जुनीच राहिली आहे. पूर्वी घराबाहेर टाकलेले केळीचे साल महिन्याभरात माती होई. म्हणून ‘बाहेर टाकले की संपले’ ही समजूत त्या काळी चालून गेली. तीच समजूत धरून आज पातळ पिशवी बाहेर टाकली जाते, आणि ती पिशवी टाकणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत तशीच पुरते. कालांतराने तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण माती होत नाही. दोष केवळ नव्या वस्तूचा नव्हे. जुनी सवय आणि नवी वस्तू यांचे जे अविचारी लग्न लागले, त्याचा तो दोष आहे.

हे लग्न कोठे उघड दिसत असेल, तर ते रविवारच्या सहलीत. सहलीची आवड माणसाला नवी नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. विदर्भात शेतातील किंवा देवस्थानाच्या आवारातील झाडाखाली रोडग्यांचा स्वयंपाक होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी पळसाच्या पत्रावळीवर वाढली, की त्या जेवणाला पक्वान्नाची गोडी येते. अशा पंक्ती उठल्यावर मागे काय उरे? पत्रावळी आणि द्रोण गुरे खात किंवा ते खड्ड्यात कुजत. निखाऱ्यांची राख होई. पाणी घरून आणलेल्या कळशीतून प्यालेले असल्याने तिला परत न्यावेच लागे. शंभर माणसे जेवून गेलेली जागा चार दिवसांत ओळखू येत नसे.

आज रविवार उजाडला की वाडीतील आणि नागपुरातील कुटुंबे तलावाच्या काठी, रामटेकच्या गडावर अथवा आंभोऱ्याच्या संगमावर जातात. सहा दिवस काम केलेल्या माणसाने सातव्या दिवशी मोकळ्या हवेत जावे, हे योग्यच आहे. मुलांना नदी, डोंगर आणि पाखरे दिसावीत, यासारखे दुसरे शिक्षण नाही. परंतु ही मंडळी परतली की झाडाखाली पाण्याच्या बाटल्या, खाऊच्या चकचकीत पुड्या, पातळ पेले आणि उष्टे अन्न भरलेल्या पिशव्या पसरलेल्या दिसतात. अन्नाच्या वासाने गाय येते, आणि गाठ मारलेली पिशवी सोडता येत नसल्यामुळे अन्नासह पिशवीही गिळते; रामटेकची वानरे तर माणसांच्या हातातल्या पुड्यांवरच डोळा ठेवतात. सौंदर्य पाहण्यासाठी गेलेल्या माणसाने ते पुढच्या माणसासाठी शिल्लक ठेवू नये, याहून मोठा अविवेक कोणता?

आणि ही घाण दूर कोठेतरी होते, म्हणून ती आपल्यापासून दूर राहते, असे समजणाऱ्याने एकदा पाण्याची वाट पाहावी. नागपूरला जिचे नाव मिळाले, ती नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावते. वाडीच्या बाजूने येणारे पाणी अंबाझरी तलावात उतरते. 1870 साली बांध घालून हा तलाव तयार करण्यात आला, आणि एके काळी त्याचे पाणी नागपूरकर पीत असत. तेथून नाग नदी शहराच्या मध्यातून पूर्वेकडे जाते, कन्हान नदीस मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत विलीन होते. पुढे गोसीखुर्दचे धरण आहे. त्याच्याही पुढे वैनगंगा वर्धेस भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. याचा अर्थ स्पष्ट आहे. वाडीतील एखाद्या घराने बुधवारी नाल्यात टाकलेला केर पावसाच्या लोंढ्याबरोबर त्याच दिशेने निघतो, ज्या दिशेने ते कुटुंब रविवारी मौजेने निघते. ज्या आंभोऱ्यास मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ रचला अशी परंपरा सांगतात, त्या आंभोऱ्याच्या काठावर माणसाची आपल्याच अविवेकाशी गाठ पडते.

पाणी ही गोष्ट विसरत नाही. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी पोसते. ती पाण्यावर हिरवी चादर पसरते, खालच्या पाण्यात प्रकाश पोहोचू देत नाही आणि मासळी गुदमरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत, झोपेतून उठणाऱ्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. इतका पाऊस कोणाच्या हाती नव्हता, हे खरे. परंतु नाले आणि गटारे कचऱ्याने तुंबलेली असतील, तर साधा पाऊसही पूर होऊन दारी येतो, हे कोणत्याही नगरातील माणसास पावसाळ्यात दिसते. उंबरठ्याबाहेर लोटलेला केर पाण्याच्या खांद्यावर बसून उंबरठ्याच्या आत परत येतो.

यावर उपाय कोणता? कायदे झाले आहेत. 2016 साली केंद्र शासनाने केलेल्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी पातळ पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या व पेले यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत जातो. स्वयंपाकघरात शिरण्याचे सामर्थ्य फक्त सवयीत आहे. म्हणून खरा उपाय घरातूनच निघाला पाहिजे.

त्याची पहिली पायरी म्हणजे नको असलेली वस्तू घरात येऊच न देणे. बाजाराला जाताना कापडी पिशवी, तेलासाठी बरणी आणि सहलीला पाण्याची कळशी किंवा धातूची बाटली नेली, की अर्धे काम दारातच होते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा न काढता पिशवीलाच चिकटलेला राहू दिला, तर तो इवलासा तुकडा केरात हरवत नाही. दुसरी पायरी म्हणजे घरात आलेली वस्तू पुरती वापरणे; येथे आजीच्या काळचे शहाणपण आजही कामास येते. तिसरी पायरी म्हणजे उरलेल्याची निवड करणे. भारतीय घरांतील कचऱ्याचा सुमारे निम्मा भाग ओला, म्हणजे कुजणारा असतो. तो वेगळा ठेवला, तर कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक कोरडे राहतात व पुन्हा उपयोगात येऊ शकतात. एकत्र केला, तर दोहोंचीही माती होत नाही व मोलही उरत नाही.

ओल्या कचऱ्याचे खत करणे अवघड नाही. छिद्रे असलेल्या माठात किंवा टोपलीत तळाशी वाळलेली पाने पसरावीत. वर ओला कचरा, त्यावर पुन्हा पाने आणि थोडी माती, असे थर द्यावेत. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. हवा खेळती राहिली की सूक्ष्म जीव आपले काम करतात आणि घाण वास येत नाही. हवा कोंडली की कुजण्याचा मार्ग बदलतो आणि दुर्गंधी सुटते. सुमारे तीन महिन्यांत मातीसारखा सुवास असलेले काळे खत हाती येते. ज्यांच्याकडे शेत आहे, त्यांच्यासाठी तर विदर्भानेच एक पद्धत देशाला दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेले विटांचे टाके बांधून थोड्या शेणात पुष्कळ काडीकचऱ्याचे खत करून दाखविले. त्यांच्या नावावरून ती पद्धत ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते.

काही आक्षेप मात्र नेहमी घेतले जातात. कोणी म्हणतात, ‘नगर परिषदेला कर दिला जातो, कचऱ्याचे पुढचे काम तिचे.’ कर दिल्याने कचरा नेण्याची सेवा मिळते, तो वाटेल तसा करण्याची मुभा मिळत नाही. शिवाय त्या सेवेमागे माणसांचे हात असतात. मिसळलेल्या कचऱ्यात फुटकी काच असते, सुया असतात, सडलेले अन्न असते. आणि ते निवडताना कोणाचा तरी हात कापला जातो. पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्या स्त्री-पुरुषांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली, तेव्हा त्यांनी समाजापुढे हीच गोष्ट मांडली की, त्यांचे काम हे काम आहे, आणि त्याला मान मिळाला पाहिजे. स्वयंपाकघरातील दोन मिनिटांच्या निवडीने ज्या माणसाचा हात वाचतो, त्याचे नाव माहीत नसले, म्हणून ते कर्तव्य लहान ठरत नाही.

दुसरे म्हणतात, ‘एका घराने केल्याने काय होणार?’ नाला तुंबतो, तोही एका घराने तुंबत नाही. घराघराचे थोडे थोडे मिळूनच तो तुंबतो. मग तो मोकळा होण्याची रीत तरी निराळी कशी असेल? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे लहानसे नगर कचऱ्याच्या घरोघरी होणाऱ्या निवडीमुळे नावारूपास आले, आणि तेथील कचरा टाकण्याची जागा लोकांनी पाहावयास जावे अशी झाली. जे समुद्रकाठच्या नगरास साधले, ते नागपूरच्या वेशीवरील वाडीस साधू नये, असे काही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारार्ह आहे. ही सारी कामे पुन्हा घरातील स्त्रीच्याच माथी येतील, अशी भीती त्यात आहे आणि ती निराधार नाही. तेव्हा जुन्या घराची काटकसर स्वीकारताना त्याची कामाची वाटणी स्वीकारू नये. खताचा माठ हालविणे वडिलांस जमते, बाजारची पिशवी आठवणीने घेणे मुलास जमते, सुका कचरा बांधून ठेवणे मुलीस जितके जमते तितकेच तिच्या भावास जमते. सहलीहून परतताना उष्टी भांडी उचलण्यात आणि झाडाखालची जागा साफ करण्यात कोणाचा कमीपणा होत नाही. गाडगे महाराजांनी खराटा हाती घेतला, तेव्हा तो हलक्या कामाचे चिन्ह राहिला नाही.

पूर्वजांनी टंचाईमुळे जे केले, ते आजच्या पिढीने विचारपूर्वक करावयाचे आहे. टंचाईने लादलेली काटकसर सुबत्ता येताच नाहीशी होते. समजून स्वीकारलेली काटकसर सुबत्तेतही टिकते. लाव्ह्याच्या टेकडीपासून गोदावरीपर्यंत जाणारे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही. त्याच्या काठी वाडी आहे, नागपूर आहे, आणि ज्यांची नावे वाडीतील मुलांनी ऐकलेलीही नसतील अशी शेकडो गावे आहेत. त्या गावांतील मुलेही याच पाण्यात पाय सोडून बसतात. आपल्या दारातून निघालेल्या पाण्याने त्यांच्या दारी काय न्यावे, याचा निर्णय मात्र रोज सकाळी, केर काढण्याच्या वेळी, घराघरांत होत असतो.